न्यायकुसुमांजलीतील ईश्वरानुमान : पोच आणि मर्यादा

शास्त्राभ्यास करणाऱ्या साधकाला एक प्रश्न वारंवार ऐकावा लागतो. 'परमेश्वर आहे, हे कशावरून?' विचारणारा कधी खरा जिज्ञासू असतो, तर कधी केवळ वाद घालण्यासाठी आलेला असतो. उत्तर देणारा मात्र पुष्कळदा दोन टोकांपैकी एका टोकाला जातो. एक म्हणतो, 'हा श्रद्धेचा विषय आहे, येथे तर्काला जागाच नाही.' दुसरा म्हणतो, 'घटाला कुंभार, तसा जगाला परमेश्वर, प्रश्न मिटला.' पहिले उत्तर जिज्ञासूला विन्मुख करते. दुसऱ्या उत्तरामध्ये किती गुंतागुंत दडलेली आहे, याची देणाऱ्यालाच कल्पना नसते. त्या गुंतागुंतीचा समग्र विचार ज्या एका ग्रंथात झाला, त्या उदयनाचार्यांच्या 'न्यायकुसुमांजली'चे अध्ययन या पाठात करावयाचे आहे. हा ग्रंथ आपल्या संप्रदायाचा नव्हे. तथापि परमत नीट समजून घेतल्यावाचून स्वमताचे वैशिष्ट्य ध्यानात येत नाही, म्हणून हा प्रयत्न.

ग्रंथकार आणि टीकापरंपरा

उदयनाचार्य हे मिथिलेतील नैयायिक. त्यांच्या 'लक्षणावली'च्या शेवटी शके ९०६ हे वर्ष सांगितलेले आढळते, त्यावरून इ.स. ९८४ हा काळ येतो. परंतु 'आत्मतत्त्वविवेक' या ग्रंथात त्यांनी ज्ञानश्रीमित्र या बौद्ध पंडिताच्या मतांचा परामर्श घेतला असल्यामुळे काही विद्वान तो पाठ ग्राह्य मानीत नाहीत आणि त्यांना अकराव्या शतकात ठेवतात.

न्यायशास्त्राची परंपरा ही टीकेवर टीका अशी वाढली. गौतमांच्या सूत्रांवर वात्स्यायनांचे भाष्य. भाष्यावर उद्द्योतकरांचे वार्तिक. वार्तिकावर वाचस्पतिमिश्रांची तात्पर्यटीका. आणि तिच्यावर उदयनाचार्यांची 'परिशुद्धी'. वैशेषिक दर्शनाच्या प्रशस्तपादभाष्यावरही त्यांनी 'किरणावली' लिहिली. म्हणजे हे आचार्य प्रथम टीकाकार आहेत. पूर्वाचार्यांचे एकेक पद तासून पाहण्यात ज्याचे आयुष्य गेले, अशा पुरुषाने ईश्वराच्या विषयावर स्वतंत्र ग्रंथ रचला, तो हा 'कुसुमांजली'. तर्काची फुले ओंजळीत घेऊन ती ईश्वरचरणी वाहावीत, हा नावाचा आशय. ग्रंथाचे पाच भाग आहेत. त्यांना 'स्तबक' म्हणजे फुलांचे गुच्छ अशी संज्ञा आहे.

ग्रंथारंभीच आचार्य स्वतःवर एक आक्षेप घेतात. ज्याला प्रत्येक पंथ आपापल्या नावाने भजतो, त्याच्याविषयी संशय कोणाला आहे? आणि संशयच नसेल तर सिद्धीचा खटाटोप कशासाठी? त्यावर त्यांचे समाधान असे की, ही न्यायचर्चा म्हणजे मनन होय. श्रवणानंतर जे मनन करावयाचे, तेच येथे उपासना म्हणून केले जात आहे. हे वाक्य अभ्यासकाने मनात पक्के धरावे. श्रवणाने जे आधी प्राप्त झाले, त्यावरील आक्षेपांचा केर काढणे एवढे काम आचार्यांनी तर्काकडे सोपविले आहे. तर्क श्रवणाची जागा घेतो, असे त्यांचे म्हणणे मुळीच नाही.

पाच पूर्वपक्ष

प्रत्येक स्तबकात एकेका विप्रतिपत्तीचा, म्हणजे विरुद्ध मताचा, विचार आहे.

पहिला पूर्वपक्ष चार्वाकाचा. परलोकाचे साधन असे काही अदृष्ट नाहीच, मग त्याचा अधिष्ठाता कोठून येणार? आचार्यांचे उत्तर असे : कार्य हे कारणाची अपेक्षा ठेवते, ही कारणपरंपरा अनादी आहे, कार्यांमध्ये वैचित्र्य दिसते, फलाच्या आशेने लोकांची सार्वत्रिक प्रवृत्ती आढळते, आणि प्रत्येक जीवाचा भोग त्याच्या त्याच्यापुरता नियत असतो. या गोष्टी केवळ दृष्ट कारणांनी उलगडत नाहीत, म्हणून धर्माधर्मरूप अदृष्ट मानावे लागते. ते अदृष्ट जड आहे. कुऱ्हाड जशी आपण होऊन लाकूड फोडीत नाही, तसे जड अदृष्टही चेतन अधिष्ठात्यावाचून फळ देत नाही.

दुसरा पूर्वपक्ष मीमांसकांचा. वेद नित्य आणि स्वतःप्रमाण आहेत. त्यांच्या आधारे परलोकसाधन चालते. मध्ये ईश्वर कशाला? आचार्य प्रामाण्य हे परतः मानतात, म्हणजे वाक्याची प्रमाणता वक्त्याच्या यथार्थ ज्ञानावर अवलंबून असते. शिवाय प्रलयात अध्ययनपरंपरा खंडित होते, तेव्हा सृष्ट्यारंभी उपदेशक हवाच.

तिसरा पूर्वपक्ष : ईश्वर दिसत नाही, म्हणून तो नाही. याच्या उत्तरात आचार्य 'योग्यानुपलब्धी'चा नियम सांगतात. जी वस्तू असती तर दिसलीच असती, तीच न दिसल्यास तिचा अभाव सिद्ध होतो. भूमीवर घट नाही हे न दिसण्यावरून ठरते, कारण घट दिसण्यास योग्य आहे. ईश्वर तसा इंद्रियगोचर नाही. येथे आचार्यांनी चार्वाकाची चांगलीच थट्टा केली आहे. 'न दिसेल ते नाही' असे म्हणणारा चार्वाक घराबाहेर पडताच त्याला बायकापोरे व धन दिसेनासे होतात. मग त्याने सारे काही नाहीसे झाले असे समजून ऊर बडवीत आक्रोश करावयास हवा! तो तसे करीत नाही, यावरून त्याच्या नियमावर त्याचाच विश्वास नाही हे उघड होते.

चौथा पूर्वपक्ष सूक्ष्म आहे. पूर्वी अज्ञात असलेल्या विषयाचे ज्ञान ते प्रमाण, असे मीमांसक म्हणतात. ईश्वराचे ज्ञान नित्य असल्यास त्याला अज्ञात असे काही उरतच नाही. तेव्हा ते ज्ञान प्रमा ठरत नाही. आचार्य उत्तर देतात की, यथार्थ अनुभव हेच प्रमेचे लक्षण. अपूर्वता हा त्या लक्षणाचा घटक नव्हे.

पाचवा पूर्वपक्ष : बाधक नसेल, पण साधक प्रमाण तरी कोठे आहे? येथे ग्रंथाचा गाभा येतो.

कार्यत्वहेतू

अनुमानाची मांडणी अशी. पृथ्वी, अंकुर इत्यादी हा पक्ष. ते सकर्तृक आहेत, ही प्रतिज्ञा. कार्य असल्यामुळे, हा हेतू. जे जे कार्य ते ते सकर्तृक, जसा घट, हे उदाहरण. पृथ्वी-अंकुरादीही तसेच कार्य आहे, हा उपनय. म्हणून ते सकर्तृक होय, हे निगमन.

शंका : रानातील गवत कोणी न पेरता उगवते. तेथे कार्यत्व आहे, कर्ता मात्र नाही. तेव्हा हेतू व्यभिचारी ठरला.

समाधान : ते गवत पक्षातच अंतर्भूत आहे. ज्याविषयी वाद चालू आहे, त्यालाच विरोधी उदाहरण म्हणून पुढे करता येत नाही. व्यभिचार दाखवावयाचा तर जेथे कर्ता नसल्याचे उभयपक्षांना मान्य आहे असे स्थळ दाखविले पाहिजे.

शंका : हा आक्षेप सातव्या शतकातील धर्मकीर्तीचा असून तो फार बळकट आहे. जी रचना पाहताच 'ही कोणीतरी केली' अशी बुद्धी होते, तशा रचनेशीच कर्त्याची व्याप्ती आपण पाहिली आहे. केवळ 'कार्य' या शब्दाच्या साम्यावर अनुमान चालविले तर वारूळ हेही मातीचाच विकार असल्यामुळे तेही कुंभारानेच केले, असे म्हणावे लागेल!

समाधान : वारूळ कुंभारकृत नाही हे खरे, पण त्यावरून ते अकर्तृक ठरत नाही. सामान्य हेतूवरून सामान्य साध्यच सिद्ध होते. धूर पाहून 'अग्नी आहे' एवढेच कळते. तो खैराच्या लाकडाचा की बाभळीच्या, हे त्यातून निघत नाही. त्याप्रमाणे कार्यत्वावरून कर्ता सिद्ध होतो, विशिष्ट कुंभार नव्हे. तो कर्ता कसा, हे पक्षाच्या स्वरूपावरून पुढे ठरते.

हे समाधान अभ्यासकाने विसरू नये. 'सामान्य हेतूवरून सामान्य साध्य' हा नियम नैयायिकांनी आपल्या बचावासाठी वापरला. त्याच नियमाने त्यांच्या सिद्धीची मर्यादाही पुढे ठरणार आहे.

शंका : प्रत्येक कर्त्याला शरीर असते. पृथ्वी-अंकुरादी शरीराने निर्माण झालेले नाहीत, म्हणून ते अकर्तृकच होत.

समाधान : येथे 'शरीर' हे विशेषण व्यर्थ आहे. आकाश अकर्तृक आहे, कारण ते मुळी उत्पन्नच होत नाही. अकर्तृकत्व सिद्ध करण्यास 'अजन्यत्व' एवढे पुरेसे असताना 'शरीराने अजन्यत्व' असे लांबविण्याने हेतू दुष्ट होतो. उपादानाचे प्रत्यक्ष ज्ञान, करण्याची इच्छा आणि प्रयत्न ही तीन ज्याच्या ठायी असतात तो कर्ता. या लक्षणात शरीराचा समावेश नाही.

या लक्षणावरूनच सर्वज्ञता येते. सृष्ट्यारंभी उपादान म्हणजे परमाणू. त्यांचे प्रत्यक्ष ज्ञान ज्याला आहे, आणि ज्या जीवांच्या अदृष्टानुसार सृष्टी व्हावयाची ते अदृष्टही जो जाणतो, तो आपल्यासारखा अल्पज्ञ असू शकत नाही.

संख्येवरून अनुमान

पाचव्या स्तबकात कार्यत्वाखेरीज आणखी हेतू दिले आहेत : सृष्ट्यारंभी परमाणूंचा संयोग घडविणारी क्रिया, गुरुत्व असूनही विश्व खाली न कोसळता धारण केले जाणे, विश्वाचा संहार, विणकाम, लेखन इत्यादी व्यवहारांची आद्य शिकवण, वेदाचे प्रामाण्य, वेदाची रचना, त्यातील वाक्यत्व, आणि संख्याविशेष. यांपैकी शेवटचा विलक्षण असल्यामुळे तो थोडा उलगडून पाहू.

वैशेषिक मताप्रमाणे दोन परमाणू मिळून एक द्व्यणुक होते आणि तीन द्व्यणुके मिळून एक त्र्यणुक होते. द्व्यणुकाचे परिमाण कोठून येते? परमाणूंच्या परिमाणातून येते असे म्हणता येत नाही. कारण परिमाण हे आपल्याच जातीचे, पण अधिक उत्कट परिमाण उत्पन्न करते. महत् वस्तूंपासून अधिक महत् वस्तू होते. त्या न्यायाने अणूंपासून अधिकच अणू व्हावयास हवे! म्हणून परिमाणाचे कारण परमाणूंची संख्या, म्हणजे द्वित्व, हे मानावे लागते. द्वित्व हा गुण 'हे एक, हे एक' अशा अपेक्षाबुद्धीने उत्पन्न होतो. सृष्ट्यारंभी शरीरधारी मोजणारा कोणी नाही. मग ती अपेक्षाबुद्धी कोणाची? ती ज्याची, तो ईश्वर.

या युक्तिवादाचे बळ किती? वैशेषिकांची परमाणुप्रक्रिया व अपेक्षाबुद्धीचा सिद्धांत ज्याने आधीच स्वीकारला आहे, त्यालाच तो बंधनकारक आहे. पण यातून या टीकापरंपरेची रीत समजते. येथे पदार्थविचार, प्रमाणविचार आणि ईश्वरविचार असे तीन कप्पे नाहीत. एका अणूचे माप कसे ठरते या प्रश्नाचा धागा ओढीत गेले की त्याचे दुसरे टोक ईश्वराच्या ज्ञानात सापडते.

संशयाला सीमा कोणती?

प्रतिपक्षी शेवटचे अस्त्र काढतो : 'धूर तेथे अग्नी ही व्याप्ती तरी नि:संशय कशी? उद्या, परदेशी, ती मोडणार नाही कशावरून?' आचार्य म्हणतात, उद्या आणि परदेश यांची शंका घेण्यासाठीच तू न पाहिलेला काळ व देश मानतोस. म्हणजे अनुमान मानलेसच. आणि शंका घ्यावयाची ती स्वतःच्या क्रियेशी व्याघात येईल तेथपर्यंतच.

बाराव्या शतकात श्रीहर्षांनी 'खंडनखंडखाद्या'त आचार्यांचेच शब्द थोडे फिरवून हा युक्तिवाद उलटविला : व्याघात म्हणजे शंकेशी विरोध; तेव्हा व्याघात आहे म्हणताच शंकाही आहे, हे तुम्हीच कबूल केले! त्यावर चौदाव्या शतकात गंगेशोपाध्यायांनी 'तत्त्वचिंतामणी'त उत्तर दिले की, शंका थांबविणारी आहे ती माणसाची स्वतःची कृती. धुरासाठी अग्नी, तृप्तीसाठी अन्न आणि दुसऱ्याला अर्थ कळावा म्हणून शब्द जो नियमाने वापरतो, त्याला त्यांच्या कार्यकारणभावाविषयी खरी शंका नसतेच. ती केवळ ओठांवर असते. गंगेशांचे पुत्र वर्धमान यांनी 'कुसुमांजली'वर 'प्रकाश' नावाची टीका लिहिली. त्यांच्यापूर्वी वरदराजांची 'बोधनी' होती, पुढे शंकरमिश्रांचा 'आमोद' झाला. शतकानुशतके एकेका पदासाठी जागलेली ही विद्वत्ता पाहिली की 'प्रश्न मिटला' असे सहज म्हणणाऱ्याने अंमळ थांबावे असे वाटते.

स्वमताच्या दृष्टीने विचार

आता आपल्या शास्त्राकडे वळू. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ अनादी व परस्परभिन्न आहेत, हा आपला सिद्धांत. परमेश्वर जगाचे उपादान नव्हे, आणि जग हे त्याच्यावरील मिथ्या भासही नव्हे, येथपर्यंत नैयायिक आपल्याजवळ उभा आहे. कारण त्याचा ईश्वरही केवळ निमित्तकारण असून परमाणू व आत्मे त्याच्याहून भिन्न व नित्य आहेत. एवढे साम्य पाहून कोणी म्हणेल, 'मग उदयनाचार्यांचे अनुमान जसेच्या तसे आपलेच म्हणून घ्यावे.'

येथेच सावध व्हावयास हवे. आपल्या शास्त्राप्रमाणे सृष्टिरचना परमेश्वराच्या प्रवृत्तीने माया करते. ती देवतांमध्ये सर्वांत श्रेष्ठ असली तरी देवताच आहे. कर्मांची मर्यादित फळे देणे हेही देवतांचेच कार्य. आता कार्यत्वहेतूची पोच पाहा. कार्याला ज्ञान, इच्छा व प्रयत्न असलेला कर्ता हवा, इतकेच तो सांगतो. असा कर्ता मायेच्या ठिकाणी लाभताच हेतू कृतार्थ होऊन थांबतो. ती ज्याच्या प्रवृत्तीने वागते, त्याच्याकडे बोट करण्याचे सामर्थ्य त्या हेतूत उरत नाही. धुरावरून अग्नी कळतो, पण लाकडाची जात कळत नाही. तसाच कार्यावरून कर्ता कळतो, पण तो नित्यबद्ध देवता की नित्यमुक्त परमेश्वर, हे कळत नाही. हा नैयायिकांचाच नियम होय.

शंका : नैयायिक लाघवाच्या बळावर एकच सर्वज्ञ कर्ता मानतो. अनेक कर्ते मानणे हे गौरव नव्हे काय?

समाधान : लाघव हा निर्णायक ठरतो तो अन्य प्रमाण मौन असते तेथे. ज्याला श्रवणाने देवता व परमेश्वर यांचा भेद प्राप्त झाला आहे, त्याने केवळ कल्पना आटोपशीर व्हावी म्हणून तो भेद पुसून टाकणे योग्य नव्हे.

हा भेद केवळ वादापुरता आहे असे कोणी समजू नये. साध्य चुकले की साधनही चुकते. अनुमानाने लाभलेल्या 'जगत्कर्त्या'लाच परमेश्वर समजून जो थांबेल, तो कदाचित देवतेच्याच ठायी अनुसरेल आणि तिच्यापाशी असेल तेवढेच फळ पावेल. नैयायिकांचा मोक्ष पाहा. तो दुःखाचा आत्यंतिक उच्छेद आहे. त्यात आनंदाचा अनुभव नाही. जडाचा कर्ता म्हणून ज्याचा शोध घेतला, त्याच्याकडून दुःखनिवृत्तीपलीकडे काही मागावे असे त्या शास्त्राला सुचले नाही, यात नवल नाही. परमेश्वराचा आनंद हा त्याच्या कृपेचा विषय आहे. आणि कृपा ही कार्यत्वासारखी हेतू म्हणून मांडता येत नाही.

एका ठिकाणी मात्र उदयनाचार्य या सीमेपाशी येऊन पोहोचतात. सृष्ट्यारंभी शब्दार्थाचा संकेत शिकविणारा कोणी नव्हता. तेव्हा ईश्वराने स्वतःच शिकविणारा आणि शिकणारा अशी दोन शरीरे धारण करून व्यवहार दाखवून दिला, असे ते म्हणतात. ज्याने 'कर्त्याला शरीर लागत नाही' हे एवढ्या कष्टाने सिद्ध केले, त्यालाच 'शिकविणाऱ्याला शरीर लागते' हे मान्य करावे लागले! जग करण्यासाठी देह नको. पण जीवाला ज्ञान द्यावयाचे तर देह धरून त्याच्यासमोर यावेच लागते. अवताराचे प्रयोजन सांगणाऱ्या आपल्या शास्त्राला याहून अधिक जवळचा साक्षी परदर्शनात क्वचितच मिळेल.

उपसंहार

मग तर्काचा अभ्यास टाकून द्यावा काय? मुळीच नव्हे. लीळाचरित्रकार म्हाइंभट्ट हे शास्त्रज्ञ पंडित होते. केशिराजबासांनी दृष्टांतपाठात सूत्र, दृष्टांत व दार्ष्टांतिक यांची जी जुळणी केली, तीत शिस्तबद्ध बुद्धीचे काम पदोपदी दिसते. फरक एवढाच की, न्यायातील उदाहरण व्याप्ती सिद्ध करण्यासाठी येते, आणि दृष्टांतपाठातील दृष्टांत श्रवणाने मिळालेला अर्थ जीवाच्या गळी उतरविण्यासाठी येतो. त्यातीलच हत्ती व जात्यंध यांचा दृष्टांत स्मरावा. हात लावून ज्याला खांबासारखे काही लागले, त्याचा स्पर्श खोटा नव्हता. 'हत्ती म्हणजे एवढाच' हा त्याचा निश्चय खोटा होता. अनुमान हा असाच हाताचा स्पर्श आहे. तेथे काही आहे हे तो खरेपणाने सांगतो. पूर्ण स्वरूप डोळस असणाराच सांगू शकतो.

उदयनाचार्यांनी ग्रंथाचा शेवट प्रार्थनेने केला आहे. तर्काच्या इतक्या प्रवाहांनी धुऊनही ज्यांची पाषाणासारखी अंतःकरणे द्रवली नाहीत, त्यांच्यासाठी ते ईश्वराची करुणा भाकतात. विरोधाने का होईना, त्या लोकांनी तुझेच चिंतन केले. योग्य काळी तूच त्यांना तारावेस, असा त्या मागण्याचा भाव आहे. आयुष्यभर वाद जिंकणाऱ्या पुरुषाने अखेरीस प्रतिवाद्याचा पराभव मागितला नाही, उद्धार मागितला. जेथे अनुमान थांबते तेथे कृपा मागावी, हे त्यालाही कळले होते. आपल्यापाशी कोणी 'परमेश्वर कशावरून?' असे विचारीत येईल, तेव्हा त्याला उत्तर देताना हेतूची शुद्धता आणि ही करुणा, दोन्ही आपल्या वाणीत असावीत.

मननार्थ प्रश्न

१. 'सामान्य हेतूवरून सामान्य साध्य' हा नियम नैयायिकास कोठे साहाय्य करतो आणि कोठे अडवितो?

२. योग्यानुपलब्धी म्हणजे काय? परमेश्वर न दिसण्याला हा नियम का लागू पडत नाही?

३. कर्त्याला देह लागत नाही, पण उपदेशकाला लागतो. या भेदाचा अवतारविचाराशी संबंध कसा दाखविता येईल?

दंडवत प्रणाम.